हदगावचा घेवडा

कोंडाबाईच्या हातचा मार न खाल्लेला माणूस त्या गावात शोधायला गेलात तर पाळण्यातली लेकरंच सापडतील. गाव रेणापूर तालुक्यातलं, नाव राहू द्या. बाई साठी ओलांडलेली, हाडानं दणकट, कमरेला कायम इळा खोचलेला. तिच्या भाजीच्या माळव्यात कुणाची शेळी शिरली तर ती शेळीला बोट लावायची नाही. तिला कान धरून बाहेर काढायची, दावं हातात घेऊन मालकाच्या दारात जायची आणि मालकाला बडवायची. "शेळीला कुठं अक्कल हाय? अक्कल तुला हाय, तव्हा मारबी तुलाच," असा तिचा न्याय. एका माजी सरपंचाला तिनं भर रस्त्यात पायताणानं हाणलं होतं. पुढच्या निवडणुकीत तोच हात जोडून तिच्या दारात आला, कारण कोंडाबाईच्या शिव्या परवडल्या पण तिचा अबोला गावाला परवडत नव्हता. ती बोलेनाशी झाली की माळवं विकायची बंद व्हायची, आणि तिच्या वांग्याची चव लागलेल्या जिभेला बाजारचं वांगं पचत नसे.

नवरा व्यंकटी. दोघांच्या वाटचा राग बायकोकडं ठेवायला देऊन हा गडी रिकामा झालेला. मुंगी दिसली तर पाय बाजूला टाकायचा.

तिचं माळवं म्हणजे गावच्या गायरानातला अर्ध्या एकराचा तुकडा. ही दोघं तिथं आली तेव्हा बाभळी आणि धोंडे सोडून काही नव्हतं. धोंडे वेचून वेचून कोंडाबाईची नखं पार झिजून गेली. आता तिथं वांगी, चुका, शेपू, दोडकी, कारली, कडेनं पपया, मध्ये दोन पेरू, आणि चारी बाजूंच्या कुंपणावर घेवड्याचे वेल. तोडणीला ती दिवस उगवायच्या आत जायची. भाजी तोडताना तोंड चालूच. "ये भवाने, किती दिवस पानामागं लपशील?" असं भोपळ्याला म्हणायची. वांग्याला देठाशी इळ्याचं टोक लावायची, शेंग मात्र नखानं खुडायची. शेंगेला लोखंड लागू द्यायची नाही. का, तर आईनं तसं सांगितलं होतं.

तो घेवडाही आईचाच. कोंडाबाईचं माहेर तिकडं नांदेडकडं, हदगावजवळ. लग्नात आईनं सोनं दिलं नाही, पितळ दिलं नाही, द्यायला नव्हतंच. लुगड्याच्या सोग्यात मूठभर बी बांधून दिलं. म्हणाली, "भांडं फुटतंय, लुगडं फाटतंय. हे पेरीत ऱ्हा, म्हंजी मी मेले तरी तुझ्या घरला येत जाईन." बी पांढरंशुभ्र, त्यावर जांभळा डोळा, आणि डोळ्याखाली काजळ ओढावं तशी बारीक रेघ. शेंग शिजली की लोण्यासारखी. आई गेली, माहेरच्या ज्या परसात तो घेवडा होता त्यावरून रस्ता गेला. आता तो घेवडा जगात एकाच कुंपणावर होता.

तुम्ही म्हणाल, चाळीस वर्षांत गावात कुणाकडं कसा गेला नाही? इथंच तर मेख आहे. त्या भागात एक रीत आहे. वाण, म्हणजे पेरायचं बी, मागायला आलेल्याला नाही म्हणू नये, आणि ज्याच्या हातचं वाण आपल्या रानात पेरलं त्याच्याशी वैर धरू नये. वाण घेतलं आणि उगवलं म्हणजे सोयरीक झाली. कोंडाबाई बौद्ध. शेतकऱ्यांच्या बायका तिच्याकडून शेंगा घ्यायच्या, घासाघीस करायच्या, मिटक्या मारून खायच्या. पण तिच्या हातचं वाण? छे! भाजी पोटात जाते, दुसऱ्या दिवशी विसरता येते. वाण रानात उगवतं आणि चारचौघांत सांगत बसतं. म्हणून मागायला कुणी आलंच नाही. तिच्या भावकीतल्यांना पेरायला जमीन नव्हती. कोंडाबाई हे सगळं ओळखून होती, आणि तिनंही कधी आपणहून दिलं नाही.

तुकड्याला लागून शेषेरावाचं रान. बागायतदार माणूस, बोअर, ट्रॅक्टर, सगळं आहे. नाही ते एकच, समाधान. ते गायरान त्याला आपल्या रानात ओढायचं होतं. आधी समजावून झालं, मग धमकावून झालं. एकदा त्यानं बांध कोरला तर कोंडाबाईनं त्याच्या नांगराच्या फाळासमोर बसकण मारली आणि तो जवळ येताच त्याच्या पोटरीवर इळ्याची पाठ अशी हाणली की गडी पंधरा दिवस लंगडत होता. तेव्हापासून तो संधी बघून होता.

ती त्याला मिळाली येळवशीच्या दोन दिवस आधी.

येळवस म्हणजे वेळा अमावास्या. लातूरकडं त्या दिवशी गाव ओस पडतं आणि रानं भरतात. कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. बाहेर चुलीवर भज्जी. घरात जेवढ्या म्हणून शेंगा, पालेभाज्या असतील तेवढ्या त्या एका भांड्यात. सोबत आंबिलीचं मडकं. आणि वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवू घालायचं. त्या दिवशी भांडं झाकून ठेवणारा माणूस गावातून उठला म्हणून समजा. कोंडाबाईची आई लहानपणी दुसऱ्यांच्या कोपीमागं पदर पसरून बसलेली. छप्पन साली धम्म घेतला आणि तो पदर कायमचा खांद्यावर गेला. कोंडाबाई स्वतः जन्मात कुणाच्या येळवशीला गेली नव्हती. ती आदल्या बाजारात माळवं विकायची आणि येळवशीला आपल्याच पेरूखाली आपलीच भज्जी खायची.

तर येळवशीच्या दोन दिवस आधी ती रेणापूरच्या बाजारात चुका-शेपूच्या पाट्या घेऊन बसली होती. दुपार कलल्यावर ॲटोतून उतरली आणि रस्त्यावरूनच तिला दिसलं, की कुंपण दिसत नाही.

पपया कमरेतून कापल्या होत्या, खोडांतून चीक गळत होता. भोपळे फोडलेले, वांगी टाचेनं रगडलेली. पेरूची झाडं सालपटं काढून सोडलेली. घेवड्याचे वेल मुळासकट उपटून एका जागी ढीग केलेला, आणि त्या ढिगावर व्यंकटी पालथा पडलेला. डोकं फुटलं होतं. पाठीवर दांड्यांचे वळ, सदरा रक्तानं पाठीला चिकटलेला. त्या मुंगी न मारणाऱ्या माणसानं वेलांना मिठी मारली होती, म्हणून त्याला इतकं मारलं.

"मेला का हायेस?" कोंडाबाई ओरडली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"हाय," व्यंकटी म्हणाला. "तिघं व्हते. तोंडाला दस्त्या बांधल्या व्हत्या. मी काय वळखलं न्हाई, कोंडे."

तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. ओळखलं होतं त्यानं, पण भ्याला होता. ती त्याला रागावली नाही. पदर फाडून त्याचं डोकं बांधलं आणि मग गुडघ्यांवर बसून माती चाळायला लागली. एक वाळलेली शेंग मिळाली तरी बस्स होती. नुसती एक. डब्यातलं जुनं बी भुंग्यानं खाल्लं होतं, उरलेलं सगळंच्या सगळं तिनं पावसाळ्यात पेरून टाकलं होतं. बियाला म्हणून राखलेल्या शेंगा वेलावरच वाळत होत्या. सारी माती चाळली, वेल न् वेल झटकला. हिरवी नाही, वाळलेली नाही, एकही शेंग नव्हती. आई दुसऱ्यांदा मेली होती, आणि या खेपेला कुणीतरी मारली होती.

चौकीतला हवालदार म्हणाला, "तोंडं बांधलेली व्हती तर नाव कुणाचं लिहू, मावशी? कायतरी पुरावा आण." तोही खोटं बोलत नव्हता. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि सगळं गाव जमिनीकडं बघत होतं.

कोंडाबाई रात्रभर छताकडं बघत पडली. सकाळी एकदम उठून बसली. नुसता नास करायला आले असते तर शेंगा मातीत पडल्या असत्या. शेंगा पिशवीत गेल्या होत्या! मेल्यांना वैर करतानाही जिभेला पाणी सुटलं होतं. आणि उद्या येळवस. येळवशीला घरातल्या शेंगा भज्जीत गेल्याशिवाय राहत नाहीत, आणि भज्जीचं भांडं झाकता येत नाही.

येळवशीच्या दिवशी सूर्य डोक्यावर आला तशी ती जेवणाऱ्यासारखी, इळा घरी ठेवून निघाली. चाळीस वर्षांत जी कुणाच्या कोपीकडं फिरकली नव्हती ती बाई बांधाबांधानं चालायला लागली. हाका यायच्या, "या जेवायला!" ती जायची, भांड्यात डोकावायची, वास घ्यायची आणि न खाता पुढं जायची. लोक चकित. काहींना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

शेषेरावाच्या रानापाशी हाक मारली ती त्याच्या बायकोनं, उज्वलानं. "कोंडामावशी, या की! आज तरी या!" उज्वला मनानं साधी. घेवडा नवऱ्यानं लातूरच्या बाजारातून आणला, असं त्यानं सांगितलं आणि तिनं मानलं. पत्रावळीवर भज्जी वाढत कौतुकानं म्हणाली, "बघा, मावशी, असला घेवडा मी तर जन्मात शिजवला न्हाई. लोणी हाय लोणी."

कोंडाबाईनं पत्रावळीवर बोट फिरवलं. शिजून जांभळा डोळा काळा पडला होता, पण काजळाची रेघ होती तशीच होती. तिनं एक दाणा जिभेवर ठेवला. मग हळूच विचारलं, "वाळल्या शेंगा नव्हत्या का गं ह्यात?"

"व्हत्या की. त्या पांडवापुढं मांडल्यात. इतकं देखणं बी, म्हटलं देवाला दाखवावं."

पत्रावळ खाली पडली. कोंडाबाई कोपीत शिरली. पाच दगडांपुढं खण-नारळाशेजारी शेंगांची जुडी होती. तिनं जुडी ओढली, हिसक्यात दोन दगड कलंडले. वाळलेल्या शेंगा तिनं मुठीत चुरगाळल्या, बी तळहातात आलं, मूठ मिटली.

"देवाला हात लावला रे!" शेषेराव चिंचेखालून धावत आला. त्याचा धाकटा भाऊ वैजनाथ पुढं होता, त्यानं तिचा बुचडा धरून तिला कोपीबाहेर फरपटत आणलं. तिनं डाव्या हातानं चुलीवरचं भांडं उलटं केलं. उकळती भज्जी वैजनाथाच्या पायांवर गेली, तो किंचाळत बाजूला पडला. शेषेराव अंगावर आला तर तिनं तापलेली लोखंडी पळी त्याच्या कानशिलात घातली. कान फाटला, रक्ताची धार लागली. आंबिलीचं मडकं लाथेनं फुटलं. "माझ्या आईचं हाय ते! चोरा! माझ्या नवऱ्याला मारून आणलंस!" ती ओरडत होती आणि हे सगळं रानानं ऐकलं. बाजूच्या कोपींतली माणसं काठ्या घेऊन धावली. थोडी सोडवायला, बाकीची मारायला.

पाठीत बसले, डोक्यात बसले. ती खाली पडली. शेषेरावानं तिच्या मनगटावर पाय दिला.

"मूठ खोल!"

"तुझ्या बापानं खोलली व्हती का!"

त्यानं कुऱ्हाडीचा दांडा घेतला आणि मुठीवर घातला. तुराटी मोडावी तसा आवाज झाला. परत घातला. उज्वला मध्ये पडली, "सोडा हो, मरंल ती!" तर तिच्याच छातीत लाथ बसली आणि ती चुलीपाशी जाऊन आपटली. दांडा पुन्हा पडला. हाडं मोडली की मूठ सैल होते असं लोकांना वाटतं. होत नसते. कोंडाबाईची शुद्ध गेली तरी मूठ मिटलेलीच होती, आणि ती बघून मारणारेच भ्याले. एकेकजण मागं सरकला.

लातूरच्या सरकारी दवाखान्यात सुई देऊन तिची बोटं उघडावी लागली. तळहाताच्या मांसात बी रुतून बसलं होतं. काही चेचलेलं, पाच दाणे शाबूत. नर्स ते कापसाबरोबर टाकायला निघाली तर शुद्धीवर येत असलेल्या बाईनं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. "फेकलंस तर तुझीबी बोटं मोडीन, बाई." नर्सनं मुकाट कागदाची पुडी बांधून उशाखाली ठेवली.

बोटं वाकडीच जुळली. इळा डाव्या हातात आला. शेषेराव आणि वैजनाथ काही दिवस आत राहून जामिनावर सुटले, खटला उभा राहिला. पावसाळ्यात कोंडाबाईनं पाच दाणे पेरले, तीन उगवले. व्यंकटी काठी घेऊन त्या तीन वेलांशेजारी बसून राहायचा. पाखरू बसलं तरी काठी उगारायचा. बायकोच्या वाटचा थोडा राग अखेर त्यानं मागून घेतला होता. हिवाळ्यात वेल लगडले. कोंडाबाईनं त्या हंगामात एक शेंग विकली नाही, एक खाल्ली नाही. सगळ्या वाळवल्या.

मग खटल्याची तारीख जवळ आली तसा शेषेराव हलला. वकिलानं त्याला सांगितलं होतं, काहीतरी मिटवामिटवी दिसू दे. त्यानं चन्नबसप्पाला गाठलं. चन्नबसप्पा म्हणजे गावातला जुना दुकानदार, सगळ्यांना सबुरीचं सांगणारा म्हातारा. त्यानं ग्रामपंचायतीपुढं दोन्हीकडच्यांना बोलावलं.

"कोंडाबाई, केस तुझी तू बघ," चन्नबसप्पा म्हणाला. "पण बांधाला बांध हाय. शेषेराव तुझ्या हातचं वाण मागून राहिला. दे, आन् वैर संपव."

ज्या हातचं वाण चाळीस वर्षं कुणी मागितलं नव्हतं, त्या हातापुढं फाटक्या कानाचा शेषेराव तळवा पसरून उभा होता. मोडायला जमलं नाही ते तो मागून घ्यायला आला होता. दिलं की उद्या चार साक्षीदार कोर्टात सांगणार, बाईनं वाण दिलं, भांडण केव्हाच मिटलं. नाही म्हटलं तर रीत मोडली, वाकडी तीच ठरणार.

"उद्या देते," कोंडाबाई म्हणाली. "वाण असं घाईनं देत न्हाईत. त्याला ऊन दाखवावं लागतंय."

घरी येऊन तिनं चुलीवर पाणी ठेवलं. पाणी खळखळायला लागलं तसं मूठभर बी फडक्यात बांधून त्यात सोडलं.

"कोंडे, काय करून राहिली?" व्यंकटी घाबरून म्हणाला.

"वाणाला आंघोळ घालून राहिले. जे उगवायचंच न्हाई त्याची सोयरीक कसली?"

थट्टा तोंडापुरतीच होती. बोटं मोडताना जी बाई रडली नव्हती ती चुलीपुढं हमसून हमसून रडली. "आई, माफ कर," एवढंच म्हणत राहिली. ज्या बियासाठी जीव द्यायला निघाली होती ते तिनं स्वतःच्या हातानं मारलं. सुपात पसरून वाळवलं, तेलाचा हात फिरवून पुसलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावादेखत तिनं ते उज्वलाच्या पदरात घातलं. उज्वलानं एक दाणा उचलला, बोटांत फिरवला, त्याला नख लावलं. रोज डाळ शिजवणाऱ्या बाईला शिजलेलं बी कळत नाही होय? तिनं मान वर करून कोंडाबाईकडं बघितलं. कोंडाबाईनंही नजर हलवली नाही. उज्वलाचा एक हात आपसूक छातीवर गेला, लाथ बसली होती तिथं.

"लई चांगलं वाण हाय, मावशी," उज्वला म्हणाली आणि पदराला गाठ मारली.

त्यानंतर कोडगेपणानं म्हणा की लाज वाटून म्हणा, गावच वाण मागायला लोटलं. शेषेरावानं घेतलं तर आम्ही का नाही? कोंडाबाईनं प्रत्येकाला दिलं, वाकड्या बोटांनी मोजून, चांगलं जितं बी. या पावसाळ्यात गावातलं कुंपण न् कुंपण हिरवं झालं. आता ते बी एका कुंपणावरचं राहिलं नाही, कुणाच्या बापाला उपटणं शक्य नाही.

शेषेरावानं नवी तार ओढली, ठिबक टाकलं, खत घातलं. महिना झाला तरी माती तशीच सपाट. तो रोज बांधावर उभा राहून पलीकडचे वेल बघतो, परत येऊन बायकोवर खेकसतो, "आपलंच कामून उगवंना?"

"उशिरा उगवतंय ते वाण," उज्वला भाकरी थापत म्हणते. "पाणी कमी पडत असंल. अजून घाला."

आणि तो घालून राहिलाय.